माळ्यावरचं पीठ: मालवण तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

घर जांभ्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं. समोर खळं, बाजूला जळणा-सामानाचा मांगर, मागे व्हाळ म्हणजे ओढा. बारा महिने राहणारी एकटी काकी, वय सत्तरीच्या पुढे. बाकीची मंडळी डोंबिवलीला असतात, गणपतीला आणि मे महिन्यात येतात. २०२३ च्या गणपतीआधी पुतण्या माळ्यावरून माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची लाकडी चौकट, काढायला चढला. खाली आणून फडक्याने पुसायला घेतली तर दोन पट्ट्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती, आणि पट्टी आपटली की पावडरीसारखं पीठ गळत होतं. त्याने वर बॅटरी मारली. माळ्याच्या फळ्यांवर पिठाच्या ढिगल्या, आणि माजघरातल्या जुन्या भालाला, म्हणजे मुख्य तुळईलाही, भोकंच भोकं.

मी जुन्या कौलारू घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. माझ्याकडे फोन येईपर्यंत त्याने दोन दर मिळवले होते. एका कीडनियंत्रणवाल्याने घर न बघताच वाळवीचं औषध मारायचं ठरवलं होतं: भिंतीलगत भोकं पाडायची आणि जमिनीत औषध सोडायचं. एका ठेकेदाराचं म्हणणं त्याहून सोपं होतं. सगळं लाकूड उतरवा, लोखंडी गर्डर टाका, वर पत्रा. पुतण्या दुसऱ्याकडे झुकला होता, कारण मागची खोली पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती आणि तिथेही चादरीवर पीठ पडतं अशी पाहुण्यांची कुरकुर होती. काकी एकाच वाक्यावर ठाम. ‘जुन्या वाशांक काय एक होवचा नाय.’

काकीचं जवळजवळ खरं निघालं. तेवढ्या ‘जवळजवळ’मध्ये बरंच काम होतं.

वाळवी नाही, हे आधी

वाळवीचं औषध या घरात फुकट गेलं असतं. जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधत भिंतीवरून चढते आणि लाकूड आतून खाऊन पोकळी मातीने लिंपते. तिचं पीठ खाली पडत नाही. इथे मातीचा एक ओरखडा नव्हता. सुक्या लाकडातच राहणारी एक वाळवी असते, तिचे कण खाली पडतात, पण ते खसखशीसारखे दाणेदार आणि भिंगाखाली सहा बाजूंचे दिसतात. इथली पावडर बोटांत चोळली तर काही ठिकाणी टाल्कमसारखी, काही ठिकाणी किंचित रवाळ. म्हणजे लाकूड पोखरणारे भुंगेरे. आणि पावडर दोन जातीची, म्हणजे भुंगेरेही बहुधा एका जातीचे नव्हेत.

पडवीच्या वाशांत दोन-चार मोठी, अंगठा टेकेल एवढी गोल भोकंही होती. ती पुतण्याने सर्वांत आधी दाखवली. ते काम काळ्या, गुणगुणणाऱ्या मोठ्या भुंग्याचं, म्हणजे लाकडात घर करणाऱ्या मधमाशीच्या जातीचं. ती लाकूड खात नाही, फक्त पिल्लांसाठी बीळ कोरते. तिला सोडून दिलं.

जुना भाल

माजघरातला भाल फणसाचा, वासे बरेचसे सागाचे आणि काही किंजळाचे. भोकं होती, पण सगळी भालाच्या दोन कडांना, जिथे लाकडाचा रंग फिका आहे तिथेच. मधल्या तपकिरी भागात एकही नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक कडेला रेटलं तर थोडं आत गेलं आणि मग ठक्क. गाभा शाबूत.

झाडाच्या खोडात बाहेरचा पांढरट थर जिवंत असतो, त्यातून रस वाहतो आणि झाड आपला साठा तिथे पिष्टाच्या रूपात ठेवतं. आतला गाभा मेलेला असतो, आणि साग-फणसासारख्या झाडांत तो किडीला नको असलेल्या द्रव्यांनी भरलेला असतो. लिक्टस जातीच्या भुंगेऱ्याच्या अळीला लाकडाचा तंतू पचतच नाही. ती लाकूड कुरतडते ते त्यातलं पिष्ट आणि साखर मिळवायला. त्यामुळे ‘सागवान आहे, कीड लागणार नाही’ हे अर्धंच खरं. सागाचा गाभा असेल तर नाही लागणार. सागाची पांढरी कड असेल तर लागेल.

भोकं जिवंत की मेलेली, हे भिंगाने बघितलं. ताज्या भोकाची कड धारदार असते, आतलं लाकूड उजळ, आणि खाली नवी पावडर. भालाच्या भोकांच्या कडा गोलटलेल्या होत्या, आत कोळिष्टकं, आणि सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे भोकांच्या आतही काजळी. त्या घरात चूल माजघरालगत होती. गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली. धूर आत शिरून काळी झालेली भोकं धुराच्या काळातलीच असणार. लाकूड नवं असताना पहिल्या काही वर्षांत कडा खाल्ल्या गेल्या, पिष्ट संपलं, किडा निघून गेला. जुन्या लाकडातलं पिष्ट वयाबरोबर कमी होत जातं, म्हणून लिक्टसला जुनं लाकूड परवडत नाही.

भालाला औषध मारायचं नाही, असं मी सांगितलं तेव्हा पुतण्याचा चेहरा पडला. पैसे खर्च केले की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि मी नेमकं तेच काढून घेत होतो. शेवटी एक तोडगा निघाला. ब्रशने भोकं साफ करायची, प्रत्येक पट्ट्यात काही भोकांना खडूने गोल करायचा, खाली काळा कागद चिकटवायचा. कागदावर पीठ आलं, तर बोलू. एक सावधगिरी इथे लागते: जुन्या भोकांतलं अडकलेलं पीठ वर कुणी चाललं, दार आपटलं तरी हादऱ्याने पडतं. म्हणून पिठाच्या चिमटीवर निकाल द्यायचा नाही, गोलाबाहेर नवं भोक दिसतं का ते बघायचं.

नवा माळा

खरा गुन्हेगार डोक्यावर होता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा परड्यातलं मोठं आंब्याचं झाड मुळासकट पडलं. रायवळ, पण वडिलांच्या हातचं. टाकवेना. झाड तसंच सालीसकट पावसाळाभर पडून राहिलं. पाऊस उघडल्यावर सॉ मिलवर नेऊन फळ्या पाडल्या, दिवाळीत माळा घातला, उरलेल्या फळ्यांच्या दोन खाटा केल्या आणि फांद्या जळणासाठी मांगरात रचल्या.

किड्याला यापेक्षा चांगलं आमंत्रण देता येणार नाही. उभं, हिरवं झाड अचानक पडलं म्हणजे पिष्टाचं कोठार भरलेलं. साल अंगावर. आंब्यात गाभा आणि बाहेरचं लाकूड असा साग-फणसासारखा ठळक भेद नसतो. फळी सबंधच्या सबंध खाण्याजोगी. वर सुकण्याआधीच बंद, अंधाऱ्या माळ्यावर ठोकलेली.

काकीला पीठ २०२२ च्या उन्हाळ्यातच दिसलं होतं. ‘नवो माळो आसा, भुसो गळतलोच,’ म्हणून तिने रोज झाडलं. करवतीचा भुसा एकदा झाडला की संपतो, रोज पडत नाही. पण हे तिला कोण सांगणार?

फळ्यांची भोकं गोल, साधारण ३ मिलिमीटर, लिक्टसच्या भोकांच्या दुप्पट. एका फळीला कडेने साल तशीच होती; ती उचकटली तर खालून दोन भुंगेरे निघाले. पांढऱ्या कागदावर ठेवले. गव्हाच्या दाण्याहून लहान, काळपट, लाटण्यासारखे गोलसर. वरून बघितलं तर डोकं दिसतच नाही, कारण पुढचा भाग टोपीसारखा डोक्यावर आलेला आणि त्यावर कानशीसारखे दाते. मागचं टोक तिरकं कापल्यासारखं, त्यावर दोन काटे. सायनोझायलॉन नावाचा भुंगेरा. याची रीत लिक्टसहून वेगळी. लिक्टसची मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते. म्हणून रंग किंवा पॉलिश लावून छिद्रं बुजवली तर ती घालू शकत नाही. सायनोझायलॉन मात्र स्वतः भोक पाडून आत शिरतो आणि आत अंडी घालतो. मांगरातल्या फांद्या तपासल्या तर तिथेही तीच भोकं. म्हणजे घरात एक माळा किडलेला होता आणि घराशेजारी त्याच किड्याची पैदास चालू होती.

पर्यटकांच्या खोलीचं आढं, म्हणजे आतलं छत, बांबूच्या कांबट्यांचं. तिथला किडा तिसराच, डायनोडेरस, बांबूचा खास. बांबूची बाहेरची हिरवी पाठ कडक असते, म्हणून तो कापलेल्या टोकातून किंवा आतल्या मऊ बाजूने शिरतो. कांबट्या पाठ खाली करून लावलेल्या असल्यामुळे खालून सगळं गुळगुळीत, शोभिवंत. चादरीवर पीठ पडेपर्यंत कुणाला काही कळलं नव्हतं.

आयोडीनची परीक्षा

पुतण्याला एवढ्यावर पटेना. सगळं लाकूड सारखंच दिसतं, मग एक वाचतं आणि एक नाही, हे कशावरून? औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीनची बाटली आणवली. भालाच्या टोकाला, आंब्याच्या फळीला आणि बांबूला करवतीने ताजा छेद दिला आणि कापसाच्या बोळ्याने आयोडीन फिरवलं. पिष्ट असेल तर डाग निळा-काळा होतो. फणसाचा गाभा नुसता पिवळट-तपकिरी राहिला. आंब्याच्या फळीवर काळसर ठिपक्यांच्या रेघा उमटल्या. बांबू आतल्या बाजूने काळा पडला. लाकूड विकत घेताना वखारीत हीच परीक्षा करता येते. वखारवाला हसतो, हसू द्यावं.

काय केलं

गणपती तोंडावर होते, म्हणून आधी फक्त किडलेल्या फळ्या उतरवल्या, माटवीच्या दोन पट्ट्या बदलल्या आणि माळा साफ केला. माटवीची मूळ चौकट जुन्या सागाची, तिला काही झालं नव्हतं. त्या दोन पट्ट्या मध्यंतरी कुणीतरी नव्या पांढऱ्या लाकडाच्या बसवल्या होत्या, आणि लिक्टस होता तो त्यांतच. बाकीचं काम दिवाळीनंतर.

आंब्याच्या फळ्या औषध मारून वाचवायच्या का, यावर वाद झाला. माझं मत स्पष्ट होतं. इंचभर जाडीची फळी आरपार पोखरलेली असेल तर तिच्यावर औषधाचा खर्च करू नये. फळ्या आणि मांगरातल्या फांद्या काकीने त्याच हिवाळ्यात चुलीत घातल्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रचून ठेवायच्या नाहीत एवढी एकच अट. नवा माळा फणसाच्या फळ्यांचा, पण पांढरी कड रंध्यावर काढून टाकलेली. फळी अरुंद होते आणि दर वाढतो. मेस्त्री कुरकुरले. तरीही ही एक गोष्ट मी सोडत नाही.

खाटांचे पाय चांगले होते, आणि वडिलांच्या आंब्याचं काहीतरी राहावं असं घरच्यांना वाटत होतं. खाटांवर पॉलिश होतं. पॉलिशवरून औषध आत जात नाही. ते पूर्ण खरवडून लाकूड उघडं केलं. मग बोरिक आम्ल आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. १० लिटर कोमट पाण्यात २०० ग्रॅम बोरिक आणि ३०० ग्रॅम टाकणखार, म्हणजे साधारण ५ टक्के. ब्रशने भरपूर, सुकलं की पुन्हा, आणि प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सिरिंजने. हातमोजे घालून, पोटात गेलं तर ते विषच, लहान मुलांपासून दूर. यातलं बोरॉन अळीच्या पोटात गेल्यावरच मारतं, तेही ताबडतोब नाही, आणि ब्रशने लावलेलं फार खोल जात नाही. शिवाय ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे पावसाची झड लागते अशा पडवीच्या खांबांना लावून उपयोग नाही. घरातल्या, कोरड्या लाकडालाच.

बांबूचं आढं पूर्ण उतरवलं. नवा माणगा जातीचा बांबू आणला, तोही तीन वर्षांच्या वरचा, पक्का. चिरून दगडांखाली व्हाळाच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला. आपल्याकडे पूर्वी हे सर्रास करत. पाणी पिष्ट आणि साखर धुऊन नेतं. वास मात्र असह्य येतो, तो आला की समजायचं काम होतंय. अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही असं मला मेस्त्री नेहमी सांगतात. मी वाद घालत नाही, फक्त अमावास्येच्या भरवशावर भिजवणं चुकवू देत नाही. सुकल्यावर खड्ड्यात ताडपत्री घालून त्याच बोरॉनच्या पाण्यात आठवडाभर बुडवला, आणि मग सावलीत वाळवला.

काचेच्या कपाटात सावंतवाडीची लाकडी फळं होती, लाखेच्या रंगाची. त्यातल्या सीताफळाला आणि केळ्याला दोन बारीक भोकं. ही खेळणी पांगारा, आंबा अशा हलक्या लाकडांची. रंगावर औषध लावता येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधली आणि शेजारच्या आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतली वस्तू खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर तिच्यावर दव धरतं. रोवळ्या आणि सुपं उलट रीतीने: काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मेच्या उन्हात पत्र्यावर. पातळ वस्तू आतपर्यंत ५५ अंशांच्या वर तापली आणि तशी राहिली तर किडा वाचत नाही. वाशाला ही युक्ती लागू नाही, तो आतून तापतच नाही.

खिडकीतला पाहुणा

आता काकीचं म्हणणं जिथे कमी पडलं ते. ओटीच्या सागवानी खिडकीची चौकट जुनीच, रंगवलेली, एकही बारीक भोक नाही. पण एका बाजूला लंबगोल भोक होतं, पाव इंचाच्या आसपास, आणि नखाने दाबलं तर रंगाखाली लाकूड कागदासारखं खचलं. आत मैदा भरावा तसं पीठ घट्ट ठासलेलं. हे लांब मिशांच्या भुंगेऱ्याचं काम, बहुधा स्ट्रोमॅटियम. तो सुक्या, जुन्या लाकडातही अंडी घालतो, सागाचीही पांढरी कड सोडत नाही, आणि त्याची अळी आत वर्षानुवर्षं राहते. पीठ बाहेर टाकत नाही, मागे ठासत जाते. म्हणून खाली काही पडत नाही आणि पहिलं भोक दिसतं तेव्हा पहिला भुंगा उडून गेलेला असतो. रात्री सगळं शांत असताना चौकटीला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येऊ शकतो. काकीला तो ऐकू येत होता. तिने तो उंदराचा धरला होता.

चौकटीची ती पांढरी बाजू पटाशीने उघडली. जाडजूड, पिवळट अळी निघाली. कीड फक्त त्या कडेत होती, गाभ्यात नव्हती. कड पूर्ण काढली, उघड्या लाकडाला बोरॉन लावलं, गाभ्याच्या सागाचा तुकडा जोडला आणि चारही बाजूंनी रंग दिला, भिंतीकडच्या बाजूसकट. रंगारी भिंतीकडची बाजू नेहमी सोडतात.

या भुंगेऱ्यामुळे मी ‘जुनं लाकूड म्हणजे निर्धास्त’ असं कुणालाही सांगत नाही. बारीक भोकांच्या जुन्या भालाची चिंता नको, पण जुन्या लाकडात लंबगोल भोक दिसलं तर आसपासची प्रत्येक पांढरी कड ठोकून बघावी.

गोळ्यांबद्दल

दिवाळीत कुणीतरी पुतण्याला सल्ला दिला की धान्यात ठेवायच्या गोळ्या माळ्यावर ठेवून घर दोन दिवस बंद कर. त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो. बंद खोलीत तो माणसं मारतो, आणि असे मृत्यू आपल्याकडे झालेले आहेत. कौलारू घर हवाबंद होत नाही, म्हणजे किडा मरेल इतका वायू आत टिकत नाही आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला पुरेल इतका मात्र पोहोचतो. धुरीचं काम परवानाधारकांचंच. तेही झाल्यावर लाकडात औषध उरत नाही. दुसऱ्या दिवशी नवा भुंगेरा शिरायला मोकळा. रॉकेलचंही तसंच, वास जातो तेव्हा परिणामही गेलेला असतो. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना आणि बाहेरच्या लाकडाला पूर्वापार लावतात. ते चांगलं काम करतं, पण कातडी भाजतं आणि लाकूड काळं करतं. झोपायच्या खोलीत नको.

पुढे काय झालं

२०२४ च्या मे-जूनमध्ये खडूचे गोल तपासले. भालावर आणि वाशांवर गोलाबाहेर नवं भोक नाही. काळ्या कागदांवर थोडं पीठ होतं, ते हादऱ्याचं. बांबूचं आढं स्वच्छ. एका खाटेला मात्र चार-पाच नवी भोकं पडली. आधीपासून आत असलेले किडे बाहेर आले होते, हे अपेक्षित होतं आणि मी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. तरी फोन आलाच. पुन्हा सिरिंज, पुन्हा दोन हात ब्रश. २०२५ मध्ये त्या खाटेला नवं भोक आढळलं नाही, तेव्हा तिला पॉलिश करायला परवानगी दिली.

एकूण खर्च ठेकेदाराच्या गर्डर-पत्र्याच्या दराच्या जवळपासही गेला नाही. त्यातला मोठा वाटा फणसाच्या फळ्यांचा, औषधाचा अगदी किरकोळ.

मांगराचा प्रश्न अर्धवट आहे. काकी जळण तिथेच ठेवते, कारण पावसात दुसरीकडे कोरडी जागा नाही. आता आंब्याच्या आणि काजूच्या फांद्या साल सोलून, घराच्या भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात, आणि आधी आलेलं आधी जाळायचं, एवढं ठरलंय. पुतण्याला या वर्षी पडवीत स्वयंपाकघराचं कपाट करायचंय. दुकानदार त्याला साधं प्लायवुड देत होता; मी आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन घ्यायला सांगितलं, ते औषधप्रक्रिया केलेलं असतं. चौकटीची पट्टी मात्र तो म्हणाला सुताराकडे पडलेल्या ‘जंगली’ लाकडाची घेतो, स्वस्त पडते. आयोडीनची बाटली त्याच्याकडे आहे.